उड्डाण चालू आहे

तिने अंगठ्यांनी रिमोटचे दोन्ही दांडे हलकेच पुढे रेटले आणि ड्रोन पुलाच्या पोटाखाली घातलं. दुसरा खांब मागे गेला, तिसरा समोर आला; दोन्हींमधला हा तिसरा गाळा. इथून पुढे वर आकाश नसतं, उपग्रहांची हाक पोचत नाही, त्यामुळे यंत्राला आपण कुठे आहोत हे उमगत नाही. ते आंधळं होतं आणि चालवणाऱ्याच्या बोटांवर येतं. ती नदीकाठच्या दगडांत पाय रोवून उभी होती. गळ्यात अडकवलेल्या पडद्यावर लोखंडी तुळया एकेक करून सरकत होत्या. गंज, कबुतरांची घाण, रिव्हेटांच्या रांगा, पुन्हा गंज.

वर रस्त्यावर झेंडेवालीने दोन्ही बाजूंची वाहनं अडवून धरली होती. ड्रोन हवेत असेपर्यंत पुलावर चाक फिरता कामा नये, असा परवान्याचा नियम. पन्नाशीची, आडव्या अंगाची ही बाई नारिंगी जाकीट घालून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली की ट्रकवालेसुद्धा हॉर्न वाजवायच्या आधी दोनदा विचार करत.

"ताई, किती वेळ अजून?" तिचा आवाज वरून आला. "इथे एकाला म्हणे लग्नाला जायचंय."

"कुणाच्या?"

"स्वतःच्या असेल. फार घाई करतोय."

ती हसली, आणि तेवढ्यात पडद्यावर ते आलं. तिने दोन्ही अंगठे जागच्या जागी थांबवले.

तुळईच्या खालच्या पट्टीत एका रिव्हेटाच्या भोकातून तडा निघाला होता. केसाएवढा वगैरे नाही. चांगला नखाने चाचपता येईल असा. कडा काळ्या पडलेल्या, खाली गंजाचा तांबूस ओघळ. आणि त्या तड्याला आडवी, पिवळ्या ऑइलपेंटने मारलेली बोटभर रेघ. शेजारी तारीख. अकरा वर्षांपूर्वीची.

जुने तपासनीस असं करत. तडा जिथे संपतो तिथे आडवी खूण करायची, तारीख टाकायची आणि पुढच्या खेपेला येऊन बघायचं: तडा खुणेपाशीच थांबलाय की तिला ओलांडून गेलाय. हा ओलांडून गेला होता. तिने चित्रावर मोजपट्टी लावली. खुणेच्या पुढे एकोणतीस सेंटिमीटर.

मग तिने तारीख पुन्हा वाचली. तारखेतल्या पाचाची शेपटी लांब ओढून वर वळवली होती, मांजरीने शेपूट उभारावं तशी. असा पाच तिच्या घरात ठिकठिकाणी होता. बल्ब कधी बसवला, गॅसची नळी कधी बदलली, भिंतीवरच्या घड्याळात सेल कधी घातला, प्रत्येक वस्तूवर तारीख आणि प्रत्येक तारखेत हे असं शेपूट.

ड्रोन टिटवीसारखं ओरडायला लागलं. ते तुळईपासून हातभर अंतरावर डुलत होतं. तिने ते सावकाश मागे ओढलं आणि मोकळ्या आकाशाखाली आणलं.

एकतीस वर्षं या खात्यात पूल तपासलेल्या माणसाच्या हातचा पाच होता तो. तिच्या सासऱ्यांच्या, आबांच्या. दोराला लोंबकळत, हातोडीने ठोकत, लोखंडाचा आवाज कानाने ऐकत आबांनी पूल तपासले होते. तिने ड्रोन चालवायची नोकरी धरली तेव्हा सगळं घर म्हणालं होतं, हे खेळणं उडवून काय मिळणार. एकटे आबा म्हणाले होते, "उडव. आमच्या गुडघ्यांनी जिथे जाता आलं नाही तिथे तू जा."

साहेब वाईट माणूस नव्हते. खात्याचे मुख्य अभियंते, रोज सगळ्यांच्या आधी येणारे, शिपायालासुद्धा 'अहो' म्हणणारे. कचेरीत चित्र बघताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला.

"तडा आहे, मान्य," ते म्हणाले. "पण रंग बघा त्याचा. काळाठिक्कर. म्हणजे जुना. जुना तडा खपली धरलेल्या जखमेसारखा असतो, मॅडम. उगाच खाजवू नये."

"खपली धरलेली नाही साहेब. वाढलाय. ही खूण बघा."

"खूण कुणाची पण? अकरा वर्षांपूर्वीचा तपासणी अहवाल मी काढून बघितला. तिसऱ्या गाळ्यापुढे 'दोष नाही' असं स्वच्छ लिहिलंय. हा पिवळा डाग म्हणजे कुणीतरी रंगाऱ्याने ब्रश पुसला असेल."

"रंगारी ब्रश पुसून खाली तारीख टाकतो?"

साहेबांनी खुर्ची मागे घेतली. खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता आणि त्यावर पुलाकडे निघालेली वाहनांची रांग.

"हे बघा. नदीच्या खालच्या अंगाचा पूल दुरुस्तीला काढलाय. आता हाही बंद केला तर पंचेचाळीस किलोमीटरचा वळसा. दूध, शाळा, आजारी माणसं, सगळ्यांचीच पंचाईत. दोन महिने द्या. खालचा पूल झाला की मी स्वतः उभं राहून हा बंद करतो. तोवर 'लक्ष ठेवावे' या श्रेणीत टाका. आणि हे चित्र खुणेच्या अलीकडे कापा. नाहीतर नसते फाटे फुटतात."

"फुटलाच आहे की साहेब."

"काय?"

"फाटा. एकोणतीस सेंटिमीटर."

साहेब हसले नाहीत. "उद्या अकरापर्यंत अहवाल टेबलावर हवा."

अक्षर कुणाचं ते ती बोलली नाही. जिना उतरताना तिने कठड्याला हात लावला आणि सवयीने बोटाने ठोकून बघितलं.

घरी नवरा भांडी विसळत होता. नदीपलीकडच्या शाळेत तो गणित शिकवायचा. दिवसातून दोनदा त्या पुलावरून जायचा. तिने नळ बंद केला आणि त्याला चित्र दाखवलं. त्याने ओले हात पुसले, बघितलं, आणि पाच ओळखायला त्यालाही वेळ लागला नाही.

"काप," तो म्हणाला.

"खूण कापली तर तडा जुना आणि मुका. खूण ठेवली तर तो बोलतो."

"आणि काय बोलतो? की माझ्या बापाने बघितलं आणि गप्प बसला? अहवालात 'दोष नाही' आहे म्हणालीस ना? त्यावर सही त्यांचीच असणार. उभ्या आयुष्यात त्या माणसाने दुसरं काही कमावलं नाही. खात्यात त्यांच्या शब्दाला मान आहे, तेवढा एक ठेवा."

"तू रोज जातोस त्यावरून."

"अकरा वर्षं जातोय. दोन महिन्यांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

"आभाळ नाही रे. पूल."

आबा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून मटार सोलत बसले होते. ती त्यांच्यासमोर बसली. प्रस्तावना करत बसायचा तिचा स्वभाव नव्हता. पडदा तिने सालांच्या ढिगाशेजारी ठेवला. आबांनी हातातली शेंग सोलून संपवली, दाणे भांड्यात टाकले, मग चष्मा लावला.

"मोठं कर."

तिने केलं.

"अजून."

पिवळी रेघ पडदाभर झाली. आबांचा अंगठा तिच्यावरून सरकत तड्याच्या टोकापर्यंत गेला आणि तिथे थांबला.

"किती?"

"एकोणतीस."

नवरा दारात येऊन उभा होता. "तुम्ही लिहून दिलं असणार आबा," तो घाईघाईने म्हणाला. "वरच्यांनीच पान गाळलं असणार. तेव्हाचे साहेब कसे होते, सगळ्यांना माहीत आहे. आता ते हयातही नाहीत. तुम्ही नुसतं सांगा, मी लिहिलं होतं म्हणून. कोण तपासणार आहे?"

ते खरं होतं. कुणीच तपासू शकलं नसतं. आबांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. तिनेही विश्वास ठेवला असता, आनंदाने ठेवला असता. तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. एक शेंग उचलून ती उगाच सोलत राहिली.

"नाही," आबा म्हणाले. "मी लिहिलं नाही."

"आबा..."

"कुणी सांगितलं नव्हतं. कुणी दमदाटी केली नव्हती. खूण केली, वर आलो, वही काढली आणि 'दोष नाही' असं लिहिलं. माझ्या हाताने."

मग आबाच पुढे सांगू लागले, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तसे. त्याच्या दोन वर्षं आधी त्यांनी असाच एक पूल बंद करायला लावला होता. चार महिने माणसं होड्यांतून गेली-आली. एक होडी उलटली, नशिबाने कुणी बुडालं नाही. उघडून बघितलं तर तडा नव्हताच. रंगाचा पापुद्रा उलला होता. तेव्हापासून ते कचेरीत शिरले की कुठल्यातरी टेबलावरून हळूच आवाज येई, 'लांडगा आला रे आला.' चहाच्या टपरीवर, पगाराच्या रांगेत, निरोपसमारंभाच्या भाषणातसुद्धा. सगळे हसायचे. तेही हसायचे.

"म्हटलं, पुढच्या वर्षी परत उतरू. खुणेच्या पुढे गेला असला तर छातीठोकपणे लिहू. तेव्हा कुणी हसणार नाही. पुढच्या वर्षी गुडघा गेला. मला टेबलावर बसवलं. त्या गाळ्याखाली नंतर कुणी उतरलंच नाही. माझाच अहवाल दरवर्षी तारीख बदलून पुढे जात राहिला."

तिच्या हातातली शेंग सोलायची राहिली. तिला आठवत होतं ते वेगळंच. नदीपलीकडे जायचं म्हटलं की आबा कायम खालच्या पुलाने चला म्हणत. रस्ता चांगला आहे, सावली आहे, वाटेत बाजार आहे. घरात त्याची थट्टा व्हायची: आबांना विचारलं तर ते शेजारच्या खोलीतही खालच्या पुलाने जातील. तो पूल दुरुस्तीला गेल्यापासून आबांनी नदी ओलांडली नव्हती. गुडघे दुखतात म्हणाले होते.

"म्हणजे तुम्ही स्वतःपुरता लांबचा रस्ता काढलात," ती म्हणाली.

नवरा म्हणाला, "अगं..."

"नाही, मला बोलू दे. आम्हाला सांगायचात, लांबून जा. सगळ्या गावाला कुणी सांगितलं? तुमचा हा मुलगा रोज दोनदा जातो. मी लग्न होऊन आले ती त्या पुलावरून आले, आबा."

आबांनी मान खाली घातली नाही. तिला वाटलं होतं, घालतील. त्यांनी वर्तमानपत्राची चारही टोकं उचलून सालं गोळा केली, पुडी बांधली आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"उद्या किती वाजता निघायचंय?" त्यांनी विचारलं.

कचेरीत आबांना बघून दोघातिघांनी उठून नमस्कार केला. साहेबांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. आबा बसले नाहीत. ते तिच्या शेजारी उभे राहिले आणि पिवळ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "हे अक्षर माझं आहे. खूण मी केली होती. अहवाल खोटा आहे, तोही माझाच. लिहून देतो."

साहेबांनी दार लोटून घेतलं. पण दाराची काच फुटकी होती आणि बाहेरची टेबलं जवळ होती.

"आबा, तुम्ही कशाला या भानगडीत पडता? या वयात चौकशी लागेल मागे."

"लागू दे."

"आणि निवृत्त माणसाची आठवण म्हणजे दप्तरातली नोंद नव्हे. माझ्यापुढे नोंद आहे ती 'दोष नाही' अशी. तुम्हीच केलेली. मी कुठल्या आबांवर विश्वास ठेवू?"

"त्या वेळच्या नको. आत्ताच्यावर ठेवा."

बाहेरून कुणीतरी हळू आवाजात, पण ऐकू जाईल इतपत, म्हणालं, "लांडगा आला रे..." आणि दबलेलं हसू पसरलं.

आबांनी दार उघडलं. "आलाय," ते त्या टेबलांकडे बघून म्हणाले. "या वेळी खरंच आलाय. आणि मागच्या वेळी तुम्ही हसलात म्हणून नाही, मी घाबरलो म्हणून तो अकरा वर्षं पोसला गेला."

हसू थांबलं. पण कागद हलला नाही. साहेबांनी न कापलेलं चित्र आणि आबांचा जबाब ठेवून घेतला, दोन्हींवर आवक शिक्का मारला आणि ते समितीपुढे ठेवायचं कबूल केलं. समिती पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बसणार होती. तोवर वाहतूक होती तशीच.

पायऱ्यांवर ती थांबली. पिशवीतून तिने एक घडी केलेला कागद काढला आणि उभ्याउभ्या पुन्हा वाचला. तिचा उड्डाण परवाना. तो साहेबांच्या खात्याचा नव्हता. उड्डाण कार्यालयाने दिलेला होता, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इमारतीतून. मुदत महिनाअखेरपर्यंत, अजून नऊ दिवस. वेळ सूर्योदय ते सूर्यास्त. आणि चौथं कलम: ड्रोन हवेत असेपर्यंत पुलावर कोणतंही वाहन असता कामा नये.

"आबा, तुम्हाला उन्हात बसवेल का?"

"दोरावर लटकलोय मी. खुर्ची असली तर दिवसभर बसेन."

"रात्री काय?"

"रात्री अवजड गाड्यांना या रस्त्याला बंदीच आहे की. तडा जडपणाने वाढतो. दिवस सांभाळ तू."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना पुलाच्या दोन्ही टोकांना फलक लागले: 'थांबा. उड्डाण चालू आहे.' एरवी ती अर्ध्या तासात काम उरकून रस्ता मोकळा करायची. आज तिने रस्ता मोकळा केला नाही. एका बॅटरीवर ड्रोन पंचवीस मिनिटं टिकतं. म्हणून गोदामात धूळ खात पडलेलं जुनं ड्रोनही तिने पुसून आणलं होतं. एक उतरायच्या आत दुसरं वर. व्हॅनमध्ये बॅटऱ्या एकीकडे चार्ज होत होत्या. तिने पहिला गाळा तपासला, दुसरा तपासला, तिसरा तपासला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तपासणी किती वेळा करायची, याबद्दल परवान्यात एक अक्षर नव्हतं.

"ताई, हे कायद्यात बसतं ना?" झेंडेवालीने विचारलं.

"बसतं."

"मग मी उभी राहते." तिने फडका डोक्याला बांधला. "नसतं बसत तरी उभी राहिले असते म्हणा. पण विचारलेलं बरं."

आबा अडथळ्याच्या बांबूशेजारी खुर्ची टाकून बसले होते. पहिला खडीचा ट्रक आला. ड्रायव्हरने काच खाली केली आणि तोंडाला येईल ते बोलला. आबांनी त्याला पुरतं बोलू दिलं. मग ते उठले, ट्रकच्या दाराशी गेले आणि म्हणाले, "अकरा वर्षांपूर्वी या पुलाला गेलेला तडा मी पाहिला आणि लिहिला नाही. तो आता वाढलाय. म्हणून तुम्हाला थांबावं लागतंय. चूक माझी आहे."

शिव्या द्यायची सगळी तयारी असताना समोरच्याने आधीच डोकं पुढे करावं, तसं ड्रायव्हरचं झालं. त्याने इंजिन बंद केलं. "म्हातारबुवा, मग हे सरकारला सांगा की."

"सांगितलं. आता तुम्हाला सांगतोय."

दिवसभर आबा तेच सांगत राहिले. दुधाच्या टँकरवाल्याला, टेंपोवाल्याला, मोटारीतल्या वकिलाला. शब्द तेच, आवाज तोच. कुणी हळहळलं, कुणी थुंकलं. एका बाईने विचारलं, "लाज नाही वाटत असं सांगायला?" आबा म्हणाले, "वाटते. म्हणून तर सांगतोय." खाली नदीकाठच्या दगडांतून ती हे सगळं ऐकत होती. संध्याकाळी तिने पाण्याची बाटली आबांच्या हातात दिली. तिचा राग गेला नव्हता. पण बाटलीचं झाकण तिने उघडून दिलं होतं.

साहेबांचा फोन दर तासाला येत होता.

"हे काय चालवलंय तुम्ही?"

"उड्डाण चालू आहे साहेब. बोलता येत नाही."

"मी तुम्हाला निलंबित करीन."

"पत्र हातात पडलं की सही करून घेईन. आत्ता दोन्ही हात गुंतलेत."

माणसांना तिने अडवलं नाही. माणसांच्या पावलांनी तो पूल हलला नसता. दर तासाला ती ड्रोन पुलापासून दूर नेऊन हवेतच थांबवायची आणि झेंडेवाली चालणाऱ्यांना सोडायची. दवाखान्याने पहिल्याच दुपारी दोन्ही काठांना एकेक रुग्णवाहिका उभी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मान वर केली तर कठड्यापलीकडे पोरांची लांबच लांब रांग चालली होती, आणि रांगेच्या पुढे तिचा नवरा. शाळेची एक बस या काठाला, एक त्या काठाला. त्याने खाली तिच्याकडे बघितलं नाही. परत येताना मात्र तो आबांच्या खुर्चीपाशी थांबला, आपली छत्री उघडली आणि खुर्चीच्या पाठीला बांधून दिली. गाठ नीट बसेना. आबांनी हात मागे नेऊन ती सोडवली आणि स्वतः पुन्हा मारली, दोरावरच्या माणसाची गाठ. मग तो निघून गेला.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास साहेबांची पांढरी गाडी आली. अडथळ्यापाशी पाच-सहा वाहनं उभी होती. सगळ्यात पुढे पहिल्या दिवशीचा तोच खडीचा ट्रक. पूल उघडला का बघायला तो रोज यायचा. साहेब उतरले. त्यांच्या हातात लिफाफा होता.

आबा उठले. "अकरा वर्षांपूर्वी या पुलाला गेलेला तडा मी पाहिला आणि..."

"आबा, मला ठाऊक आहे."

"ठाऊक असेल. ऐकलं नाहीत." आणि त्यांनी वाक्य शेवटपर्यंत पूर्ण केलं, ट्रकवाल्याला सांगितलं होतं तसंच, एकही शब्द न वगळता.

साहेबांनी काठावर उतरून लिफाफा तिच्या हातात दिला. उड्डाण कार्यालयाचं पत्र होतं; परवाना तत्काळ रद्द. तिने ते दोनदा वाचलं. त्यात पळवाट नव्हती. तिने ड्रोन खाली आणलं, पंखे थांबेपर्यंत वाट पाहिली आणि बॅटरी काढून व्हॅनच्या पायरीवर ठेवली. झेंडेवालीने तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली. झेंडेवालीने फलक उचलले, बांबू बाजूला ओढला आणि झेंडा गुंडाळून काखेत मारला.

पूल मोकळा झाला.

"चला," साहेब पुढच्या ट्रकला म्हणाले. "पूल चालू आहे. जा."

ड्रायव्हरने ट्रक सुरू केला. ती काठावरून वर आली होती. ट्रक थोडा पुढे सरकला. ड्रायव्हरने खिडकीतून आबांकडे बघितलं. त्यांना सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. मग ट्रकने चाकं वळवली आणि तो रस्त्याच्या कडेने उलटा फिरू लागला.

"अरे, पूल चालू आहे म्हणतोय ना!"

"असेल साहेब," ड्रायव्हर वरून म्हणाला. "मला नाही जायचं."

त्याच्यामागे टेंपो वळला. मग टँकर. मोटारवाल्याने दोन मिनिटं वाट पाहिली, न जाणो कुणीतरी पुढे जाईल म्हणून. मग तोही वळला. रस्ता रिकामा झाला. समोर तो लांब, उघडा पूल आणि त्यावर एक कबूतर.

साहेबांचे कान लाल झाले होते. ते आपल्या गाडीत मागे बसले आणि दार आपटलं. "चल. आपण जाऊ. म्हणजे कळेल यांना."

त्यांचा ड्रायव्हर वयस्क माणूस होता; साहेबांबरोबर नऊ वर्षं. त्याने किल्ली फिरवून काढली, खाली उतरला आणि मागच्या खिडकीतून ती आत धरली.

"तुम्ही चालवा साहेब. मी चालत येतो मागून."

कुणी हसलं नाही. साहेबांनी किल्ली घेतली. ते पुढे येऊन बसले, खुर्ची सरकवली, आरसा नीट केला. गाडी हळूहळू निघाली आणि पूल जिथे रस्त्याला मिळतो त्या लोखंडी पट्टीपाशी जाऊन थांबली. पुढची चाकं पट्टीच्या अलीकडे होती. इंजिन चालूच होतं.

पूल बंद करण्याचा लेखी आदेश त्याच दिवशी चारला निघाला. आबांची चौकशी आणि तिचं निलंबन, दोन्ही त्याच्या पाठोपाठ आली. पण ते नंतरचं.

आत्ता चौघंजण रस्त्यात उभे राहून एका गाडीच्या पाठीकडे बघत होते. एक मिनिट गेलं असेल, कदाचित दोन. मग गाडीच्या मागचा पांढरा दिवा लागला.

झेंडेवालीने काखेतला झेंडा तिच्या हातात दिला आणि लगबगीने गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली.

"येऊ द्या साहेब," ती हाताने खुणावत म्हणाली. "येऊ द्या... येऊ द्या... रस्ता मोकळा आहे."